गल्लीतली व्हिडिओ लायब्ररी: ती चालायची कशी, संपली का, आणि तिथले पिक्चर गेले कुठे

गिरगाव, लालबाग, दादर, पार्ले, मुलुंड. मुंबईत कुठेही वाढलेल्या चाळिशीपुढच्या माणसाला विचारा, त्याच्या घराजवळ एक व्हिडिओ लायब्ररी असायचीच. जेमतेम दहा बाय दहाचा गाळा, भिंतभर कॅसेटी, काउंटरवर लांबट वही, आणि शनिवारी संध्याकाळी उभं राहायला जागा नाही. ही लायब्ररी बंद का पडली असं विचारलं की झटकन उत्तर येतं: मोबाइल आले, नेटफ्लिक्स आलं. पण नेटफ्लिक्स भारतात आलं जानेवारी २०१६ मध्ये आणि जिओ त्याच वर्षी सप्टेंबरात. तोवर आपल्याकडच्या बहुतेक लायब्रऱ्यांची शटरं खाली येऊन काही वर्षं उलटली होती. मग त्या गेल्या कशाने?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या पोटात आजचा एक प्रश्न आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकातला एखादा मराठी पिक्चर आज पाहावासा वाटला तर तो अनेकदा कुठेच का सापडत नाही? दुकान गेल्याची हळहळ मलाही आहे. पण दुकानाबरोबर, पिक्चरची प्रत लोकांच्या हातात असण्याची एक पद्धतच गेली. ती कशी होती आणि कशी गेली हे नीट समजून घेतलं, तर तिच्यातला काही भाग आजही परत उभा करता येईल असं मला मनापासून वाटतं.

एक पिक्चर, एक कॅसेट

सुरुवात यंत्रापासून करावी लागते. सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स आणलं आणि जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएस. बीटामॅक्सचं चित्र उजवं मानलं जायचं, पण सुरुवातीची बीटामॅक्स कॅसेट तासाभरात संपायची. व्हीएचएसवर दोन तास मावायचे, आणि आपल्याकडे मिळणारी ई-१८० कॅसेट तर पूर्ण तीन तासांची. हिंदी पिक्चर अडीच-पावणेतीन तासांचा. म्हणजे अख्खा पिक्चर एका कॅसेटमध्ये बसून वर थोडी टेप उरायची. त्या उरलेल्या जागेत जाहिराती यायच्या, शिवाय गाणं ऐन रंगात असताना पडद्याच्या तळाशी साबणाची नाहीतर अगरबत्तीची पट्टी सरकत जायची.

मुंबई दूरदर्शन १९७२ पासून सुरू होतं, रंगीत प्रक्षेपण १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने आलं. पण आठवड्याला दाखवून दाखवून किती पिक्चर दाखवणार? भूक मोठी होती आणि वाढणारं एकच. व्हीसीआर मात्र सगळ्यांना परवडणारी वस्तू नव्हती. दुबई-मस्कतला नोकरीला असलेला कुणी नातेवाईक आणायचा, नाहीतर क्रॉफर्ड मार्केटजवळचा मुसाफिरखाना आणि हाजी अलीचं हिरा पन्ना या परदेशी मालाच्या बाजारांत चौकशी करावी लागायची. त्यामुळे लायब्ररीवाला कॅसेटीबरोबर यंत्रही भाड्याने द्यायचा. हमालाच्या डोक्यावर टीव्ही, पोराच्या हातात व्हीसीआर, अशी वरात चाळीत शिरली की लहान मुलं मागे लागलीच म्हणून समजा.

सार्वजनिक सत्यनारायणाच्या रात्री चाळीत 'व्हिडिओ लावणं' हा त्या काळातला ठरलेला कार्यक्रम. वर्गणी काढून रात्रभरासाठी संच आणायचा, पटांगणात टेबलावर टेबल ठेवून त्यावर टीव्ही, मागे गॅलरीतून ओढलेली वायर, समोर सतरंज्या. पिक्चर तीन. पहिला मराठी, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहण्यासारखा, म्हणजे आज्या आणि मुलं तो संपला की झोपायला मोकळी. दुसरा नवा हिंदी मारधाडीचा. तिसरा लागेपर्यंत पहाटेचे तीन वाजलेले, समोर जागी असलेली चार टाळकी आणि बाकी सगळी सतरंजीवर आडवी. सकाळी सातच्या आत संच परत गेला नाही तर दुसऱ्या दिवसाचं भाडं लागायचं, म्हणून शेवटची रिळं कित्येकांनी पळवत पाहिली आहेत. या रात्रींचं मोल मला फार वाटतं. एका कॅसेटवर शंभर माणसं पिक्चर पाहत होती, आणि तोही कोणता लावायचा यावर आठवडाभर वाद घालून.

धंद्याचा साचा कुठून आला? मराठी माणसाला तो ओळखीचाच होता: खासगी वाचनालय. डिपॉझिट भरा, महिन्याची वर्गणी द्या, वहीत नाव लिहा, पुस्तक किंवा दिवाळी अंक घरी न्या. व्हिडिओ लायब्ररीने हाच साचा जसाच्या तसा उचलला. शेमारू ही आज सगळ्यांना माहीत असलेली कंपनी मुंबईत १९६२ मध्ये पुस्तकं फिरवणारी लायब्ररी म्हणूनच सुरू झाली, आणि १९७९ मध्ये तिने व्हिडिओ भाड्याने द्यायला घेतले.

हिशोब साधा आहे. समजा, कॅसेट दुकानदाराला चारशे रुपयांना पडली आणि रोजचं भाडं दहा रुपये. चाळीस वेळा बाहेर गेली की पैसे वसूल, पुढचं सगळं कमाई. नवा पिक्चर महिन्या-दोन महिन्यांत चाळीस फेऱ्या मारायचा. जुना, अवघड किंवा कमी चाललेला पिक्चर वर्षात दोनदा हलायचा, पण त्याचे पैसे कधीच सुटलेले असायचे. तो कपाटात ठेवायला नवा खर्च नव्हता. फक्त जागा अडायची. म्हणून दुकानदार तो टाकून देत नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आजची व्यवस्था नेमकी इथेच वेगळी आहे.

'प्रिंट कशी आहे, काका?'

काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. पिक्चर कसा आहे हे नंतर. प्रिंट कशी हे आधी. त्यामागचं कारण कॅसेट उघडून पाहिली की कळतं.

व्हीएचएस कॅसेट उलटी केली की पाच स्क्रू दिसतात. ते काढले की आत दोन चकत्या आणि त्यांवर गुंडाळलेली अर्धा इंच रुंदीची टेप, तीन तासांच्या कॅसेटमध्ये सुमारे २५८ मीटर. टेप म्हणजे प्लास्टिकची पट्टी आणि तिच्यावर चुंबकीय भुकटीचा थर. व्हीसीआर ती बाहेर ओढून एका तिरक्या ढोलाभोवती गुंडाळतो. हा ढोल सेकंदाला २५ फेरे घेतो आणि त्यावर बसवलेली 'हेडं' टेपवर तिरक्या रेघांमध्ये चित्र वाचतात. टेप स्वतः मात्र सेकंदाला सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे गोगलगाईच्या चालीने सरकते. इतक्या थोड्या टेपमध्ये इतकं चित्र बसतं ते या फिरत्या ढोलामुळे.

पण हेड टेपला घासून जातं. दर वेळी किंचित भुकटी निघते, आणि जिथली भुकटी गेली तिथे पडद्यावर पांढरी चिरोटी उमटते. निघालेली भुकटी हेडवर बसली की सगळीकडे मुंग्या. मग हेड स्पिरिटने पुसायचं. गाण्याच्या किंवा मारामारीच्या जागी टेप सगळ्यात जास्त झिजलेली असायची, कारण लोक तेवढंच मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहायचे. कॅसेट परत आली की दुकानदार ती प्रकाशात धरून टेपला वळी पडली आहे का पाहायचा. रिवाइंड न करता दिली तर कटकट, कारण रिवाइंडमध्ये त्याच्या मशीनची मोटर झिजायची. नीट धंदा करणाऱ्याने त्यासाठी वेगळा रिवाइंडर ठेवलेला असायचा.

दुसरी बाब नकलेची. ओरिजनल कॅसेटवरून काढलेली नक्कल जरा फिकी, नकलेची नक्कल आणखी फिकी, चौथ्या पिढीपर्यंत नायकाचा शर्ट लाल की नारिंगी हे सांगता येत नाही. आवाजातही खरखर वाढत जाते. त्यामुळे 'मास्टर प्रिंट' म्हणजे पहिल्या दोन पिढ्यांतली, आणि 'कॅमेरा प्रिंट' म्हणजे थिएटरात बसून चोरून चित्रित केलेली, जिच्यात मध्येच कुणाचं डोकं आडवं यायचं. विकत आणलेल्या कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची छोटी टिकली तोडलेली असते. ती नसली की त्यावर रेकॉर्डिंग होत नाही. त्या खाचेवर सेलोटेप चिकटवली की होतं. एका सेलोटेपमुळे किती पिक्चर कायमचे पुसले गेले आणि त्याजागी कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग आलं, याची गणती नाही.

आणि मुंबईची हवा. पावसाळ्याचे चार महिने टेपला बुरशी धरते. गुंडाळलेल्या टेपच्या कडेला पांढरट भुरा दिसतो तो तोच. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की बुरशी हेडवर, आणि तिथून पुढच्या कॅसेटवर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तळमजल्यावरच्या ज्या गाळ्यांत पाणी शिरलं तिथला टेपचा माल परत वापरण्यासारखा राहिला नाही.

वाचनालय चालतं, मग व्हिडिओ लायब्ररी का नाही?

आता जरा कायद्याकडे. हा भाग सहसा कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते गोष्टीची किल्ली इथेच आहे.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं १४ वं कलम लेखकाला आणि निर्मात्याला कोणकोणते हक्क आहेत ते सांगतं. पुस्तकाच्या बाबतीत लेखक-प्रकाशकाचा हक्क प्रत बाजारात आणण्यापुरता आहे. एकदा ती प्रत विकली गेली की ती पुढे कुणाला विकायची, उसनी द्यायची की भाड्याने द्यायची हे तुमच्या हातात. त्यामुळे वाचनालयाला दर पुस्तकामागे लेखकाची परवानगी काढावी लागत नाही.

पिक्चरचं तसं नाही. १९९४ च्या दुरुस्तीने शब्दांत स्पष्ट केलं की पिक्चरची प्रत विकण्याचा आणि भाड्याने देण्याचा हक्क मालकाकडेच राहतो, मग ती प्रत आधी विकली गेलेली असली तरीही. म्हणजे दुकानदाराने पूर्ण पैसे मोजून ओरिजनल कॅसेट घेतली, तरी तेवढ्याने ती भाड्याने द्यायचा हक्क त्याला मिळत नव्हता. त्यासाठी वेगळी परवानगी हवी. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हेच सांगितलं: परदेशात रीतसर विकत घेतलेल्या डीव्हीडी इथे आणून परवानगीशिवाय भाड्याने देणं हा कॉपीराइटचा भंग आहे.

त्याआधी १९८४ च्या दुरुस्तीने व्हिडिओ पिक्चरवर निर्मात्याचं आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता छापणं, सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत देणं बंधनकारक केलं होतं, ते नकला रोखण्यासाठी. निर्मात्यांची तक्रार खोटी नव्हती. थिएटरात पिक्चर चालू असतानाच त्याची कॅमेरा प्रिंट गल्लीत पोचली तर नुकसान त्यांचंच. आणि बऱ्याच दुकानांत ओरिजनल आणि नकला एकाच फळीवर असायच्या, हेही खरं. पण परिणाम असा झाला की प्रामाणिकपणे चालवणाऱ्या लायब्ररीलाही पायाखाली पक्की जमीन कधी मिळाली नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून उभं आहे. व्हिडिओ लायब्ररीला पंचवीस-तीस वर्षंही धड मिळाली नाहीत. फरकाची सगळी कारणं कायद्यात नाहीत, पण एक ठळक कारण तिथे आहे.

बाकीची कारणं बाजाराची. केबलवाल्याने बिल्डिंगच्या तळमजल्यावर व्हीसीआर ठेवून घरोघर वायर टाकली, तेव्हाच अर्धं गिऱ्हाईक फुटलं. एका कॅसेटवर तो शंभर घरांना पिक्चर दाखवत होता. मग १९९२ मध्ये झी ही वाहिनी आली, पुढे १९९९ मध्ये अल्फा मराठी. लायब्रऱ्यांनी कॅसेटी काढून व्हीसीडी भरल्या. व्हीसीडीवर ७४ मिनिटं मावतात म्हणून एका पिक्चरच्या दोन-तीन तबकड्या, आणि त्या अडकायच्या, कारण जास्त चित्र बसवण्यासाठी व्हीसीडीमध्ये चुका दुरुस्त करणारी जादा माहिती कमी ठेवलेली असते. एक ओरखडा पुरे.

निर्णायक घाव मात्र २००७ च्या सुमारास बसला, आणि तो स्वस्ताईचा होता. मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. भाड्याचा दर वीस-पंचवीस आणि विकत घेतली तर अठ्ठावीस, मग परत करायला कोण जाईल? चाळीस फेऱ्यांचा तो हिशोब एका झटक्यात मोडला. लोकांनी घरोघर तबकड्यांचे गठ्ठे केले, लायब्रऱ्या बंद पडल्या, आणि थोड्याच वर्षांत तबकड्यांचाही बाजार बसला. गाळ्यांत मोबाइल रिपेअरिंग आणि कुरिअरवाले आले.

मग ते पिक्चर आहेत कुठे?

आज आपण पिक्चर पाहतो तो कुणाच्या तरी सर्व्हरवरून. ओटीटी कंपनी पिक्चर विकत घेत नाही. ती ठराविक मुदतीसाठी दाखवण्याचा परवाना घेते. मुंबईत घर भाड्याने घेणाऱ्याला हे लगेच समजेल. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार संपला की सामान उचलायचं, तसा मुदत संपली की पिक्चर यादीतून जातो. करार पुन्हा करायचा तर पुन्हा पैसे, आणि वर्षात दोनशे माणसांनी पाहिलेल्या पिक्चरसाठी ते कोण मोजणार? लायब्ररीच्या कपाटात तो पिक्चर फुकट बसून राहायचा. इथे तसं बसू दिलं जात नाही.

जुन्या मराठी पिक्चरची अडचण त्याच्याही आधीची आहे. करार करायचा कुणाशी? निर्माता वारलेला, हक्क तीन वारसांत वाटलेले, व्हिडिओचे हक्क एकाला आणि टीव्हीचे दुसऱ्याला विकलेले, कागद एकाकडेही नाहीत. जुन्या करारांत इंटरनेटचा उल्लेख असायचा प्रश्नच नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने म्हटलं आहे की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचे हक्क करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय दिले गेले असं धरता येणार नाही. निर्मात्याच्या बाजूने हे चांगलंच आहे, पण कागद हरवलेल्या पिक्चरला हात लावायला कंपनी आणखी कचरते. प्रदर्शनानंतर साठ वर्षं उलटली की पिक्चरचा कॉपीराइट संपतो. १९८५ च्या पिक्चरला म्हणजे २०४५ चं वर्ष संपावं लागेल. तोवर निगेटिव्ह टिकली पाहिजे.

पुस्तक छापलं की त्याच्या प्रती १९५४ च्या कायद्याने चार ठरलेल्या ग्रंथालयांना द्याव्या लागतात, त्यातलं एक आपल्या मुंबईतलं. पिक्चरसाठी अशी सरसकट सक्ती नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून मोलाचं काम करतं आहे, पण सगळं तिथे पोचलेलं नाही, आणि पोचलेल्यातलाही नायट्रेट फिल्मचा मोठा साठा २००३ च्या आगीत जळाला. म्हणून एखाद्या पिक्चरची जगातली शेवटची पाहण्यासारखी प्रत कुणाच्या तरी माळ्यावरच्या कॅसेटमध्ये असणं अशक्य नाही.

आणि इथे कायद्याने एक दार उघडं ठेवलं आहे, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. २०१२ च्या त्याच दुरुस्तीने 'व्यावसायिक भाडं' कशाला म्हणायचं नाही हे सांगितलं: नफ्यासाठी न चालणाऱ्या ग्रंथालयाने रीतसर मिळवलेली पिक्चरची प्रत, नफ्याच्या हेतूशिवाय, उसनी दिली तर तो भंग नाही. शिवाय सार्वजनिक, बिगर-व्यापारी ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल साठवण करायलाही मुभा आहे. गल्लीतल्या दुकानदाराला जे कधी मिळालं नाही ते आपल्या ग्रंथसंग्रहालयांना मिळालेलं आहे, आणि ते वापरलं जाताना जवळजवळ दिसत नाही. दादर, गिरगाव, ठाणे, डोंबिवली इथल्या प्रत्येक मोठ्या वाचनालयाने ओरिजनल कॅसेटी आणि तबकड्यांसाठी एक कपाट द्यावं. सभासदांकडून त्या मागून घ्याव्यात. दिवाळी अंकांच्या फाइली जिथे पन्नास वर्षं सांभाळल्या जातात, तिथे एवढं नक्की होईल.

घाई मात्र करावी लागेल. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि ती शेवटची होती. चालू यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे हात दोन्ही कमी होत आहेत. घरात कॅसेटी असतील तर झाकण वर करून टेपच्या कडा पाहा. पांढरा भुरा असेल तर ती कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका, आधी साफ करून घ्या. बाकीच्या पुस्तकासारख्या उभ्या, कोरड्या जागी ठेवा, खाली माळ्याची ओल नको. डिजिटल करायला देताना आधी त्या द्या ज्यांची दुसरी प्रत कुठेच नसणार: चाळीच्या गणपतीतलं हौशी नाटक, सोसायटीचं स्नेहसंमेलन, लग्नाच्या शूटिंगमागे उरलेला अर्धवट पुसलेला पिक्चर. बाजारात आलेल्या ओरिजनल कॅसेटी त्यानंतर, आणि त्यांची कव्हरं फेकू नका. हक्क कुणाचे होते ते त्यावरच छापलेलं असतं.